बदलाचे कारण

नागापूरच्या एमआयडीसीत पिकांसाठी जैविक औषधं बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या प्रयोगशाळेत कागदाच्या वह्या बंद होऊन संगणकावरची वही आली, तेव्हा सगळ्यात मोठी बोंब मारली हर्षलने. हर्षल नेवाशाचा. हुशार, हाताने चपळ आणि लिहिण्याचा महाआळशी. प्रयोग चालू असताना आकडे तो हातमोज्यावर लिहायचा, मोजा भरला की मनगटावर, आणि शनिवारी चहा पिता पिता आठवड्याभराचं सगळं सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचा. मोजा कचऱ्यात गेला असेल तर आठवून उतरवायचा. आठवलं नाही तर काय करायचा, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही, कारण थोड्याफार फरकाने सगळे तसंच करत होते.

नव्या वहीला हे चालेना. लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर तारीख आणि वेळ आपोआप पडायची. खोडायची सोय नव्हती. बदल करता यायचा, पण जुनी ओळ खाली फिकट रंगात तशीच राहायची आणि लगेच एक चौकट उघडायची. तिच्यात लिहिलेलं असायचं, 'बदलाचे कारण लिहा.' कारण लिहिल्याशिवाय वही जागची हलायची नाही. शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी साक्षीदाराची जागा होती. काम होताना ज्याने डोळ्यांनी बघितलं असेल, त्याने तिथे 'पाहिले' असं बटण दाबायचं.

प्रयोगशाळेचे प्रमुख फैयाज सर. मऊ बोलणारे, पण आकड्याच्या बाबतीत बापाचंही न ऐकणारे. त्यांनी एके दिवशी सगळ्यांना बसवून विचारलं की या वहीत तुम्हाला काय हवंय आणि काय खुपतंय. एक जण म्हणाला, हात चिकट असताना की-बोर्ड कसा दाबायचा. दुसऱ्याला बुरशीची चित्रं काढायला जागा हवी होती. तिसऱ्याला भीती होती की सर घरी बसून आपल्या पानात डोकावतील, आणि ते सरांच्या तोंडावर सांगायची त्याची हिंमत झाली याचंच सगळ्यांना कौतुक वाटलं.

"सर, माणसाला कच्चं लिहायला जागा पाहिजे," हर्षल म्हणाला. "पहिल्याच फटक्यात खरं लिहायचं म्हणजे..." वाक्य त्याने अर्ध्यात सोडलं आणि सगळे हसले.

धनश्री तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "मला आवडली वही. फक्त जरा उठून गेलं की ती स्वतःला कुलूप लावून घेते, ते बंद करता येईल का?"

धनश्री शिंगणापूरची. तिच्या घराला दार नाही, नुसती चौकट. कुत्रं-मांजर आत शिरू नये म्हणून रात्री एक फळी आडवी लावायची, बस. अशा घरात वाढलेल्या पोरीला कुलूप म्हणजे समोरच्याला चोर म्हटल्यासारखं वाटायचं. सरांनी नाही म्हटलं तरी तिने वहीचं आपोआप लागणारं कुलूप काढून टाकलं आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला.

"तुमच्या गावात चोराला चहापण देत असाल," हर्षलने तिला चिडवलं.

"येतो कधीतरी चोर. पण त्याला परत जाता येत नाही," धनश्री म्हणाली. "गावातल्या गावात फिरत राहतो. सकाळी बघावं तर तिथंच. आमच्या कडूबाई आत्यानं बघितलाय एक." एसटीची वेळ सांगावी इतक्या साधेपणाने तिने हे सांगितलं. हर्षल पुढचे दोन दिवस त्यावर हसत होता.

तिची आणखी एक सवय सगळ्यांना नडायची. बाकीचे एकमेकांच्या पानांवर डोळे झाकून 'पाहिले' दाबायचे. तू माझं दाब, मी तुझं दाबतो. धनश्री म्हणायची, मी कुठे होते तेव्हा? पुन्हा करून दाखव, मग दाबते. म्हणून तिच्याकडे साक्ष मागायला कुणी फिरकायचंच नाही.

आता खरी गोष्ट. चाळीत साठवलेला कांदा काळ्या बुरशीने सडतो, त्यावर हर्षल आणि धनश्री दोघंही काम करत होती. हर्षलच्या काचेच्या बशांमध्ये बुरशी मजेत वाढत होती. धनश्रीने मात्र आपल्याच गावातल्या एका चाळीखालच्या मातीतून एक जिवाणू काढला होता, आणि तिच्या बशीत त्याच्याभोवती बुरशी चक्क मागे हटलेली दिसायची. दिवाळीनंतर पुण्याहून मोठे साहेब येणार होते. दोघांपैकी ज्याचं काम पसंत पडेल तो कायम होणार, दुसऱ्याचा करार संपणार. हर्षलच्या आईने नेवाशात 'पर्मनंट' हा शब्द गल्लीभर आधीच वाटून टाकला होता. तिचा तो आनंद आठवला की हर्षल आपल्या बशा पुन्हा उघडून बघायचा.

एका दुपारी सगळे जेवायला गेले. धनश्री मागच्या गोदामात एकटीच कांद्यांचं वजन करत बसली होती. हर्षल हात धुवायला आत आला आणि तिच्या टेबलावर वही उघडी दिसली. सताड उघडी.

तो तिच्या खुर्चीवर बसला. 'बुरशी मागे हटली' ही ओळ त्याने बदलली आणि लिहिलं, 'बशी दूषित झाली, टाकून दिली.' चौकट उघडली. बदलाचे कारण लिहा. त्याने टाकलं, 'लिहिताना चूक.' मग फ्रीजमधल्या तिच्या जिवाणूच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या सोलून काढल्या, त्यावर आपल्या चिकटवल्या आणि तिची बशी स्वतःच्या कपाटात ठेवली. कष्ट तिचे आणि आयत्या बिळावर नागोबा हा.

काम होत आलं तेव्हा मानेवर वारं लागल्यासारखं झालं. त्याने वळून पाहिलं. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. त्या दाराला स्प्रिंग आहे. सोडलं की ते आपण होऊन धाडकन मिटतं, त्यात बोट सापडलं म्हणून मागे एकाने रजा घेतली होती. ते दार आता भिंतीला टेकून उघडं उभं होतं, आणि बाहेरच्या पडवीत कुणीही नव्हतं. हर्षलने जाऊन ते ढकलून लावलं. हात काढताच ते सावकाश पुन्हा उघडलं.

धनश्रीचं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायलाच वाईट वाटतं. ती म्हणाली, मी हे लिहिलेलं नाही. फैयाज सर म्हणाले, वही सांगतेय तूच लिहिलंस. तुझ्या नावाने आहे, वेळ पडलीय. मग त्यांनी विचारलं, उघडी ठेवली होतीस का? ती म्हणाली, हो. सरांनी कपाळाला हात लावला. त्यांना ती पोरगी आवडायची, पण वहीत जे आहे ते आहे, हेच तर ते सगळ्यांना वर्षभर शिकवत होते. पुण्याच्या साहेबांनी हर्षलच्या बशीचे फोटो काढले आणि धनश्रीला महिनाअखेर निरोप मिळाला.

जाताना ती हर्षलच्या टेबलापाशी थांबली. "ज्यानं कुणी केलं त्याची मला काळजी वाटते रे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण राग नव्हता. हर्षलला राग चालला असता.

त्याच संध्याकाळी तो मोटरसायकलवरून नेवाशाला निघाला. शेंडी गेलं, इमामपूरचा घाट उतरला, घोडेगावात कांद्याच्या गाड्यांची रांग ओलांडली. सरळ जायचं, उजवीकडे-डावीकडे कुठे वळायचंच नाही, असा रोजचा रस्ता. पुढच्या वळणावर एमआयडीसीची पाण्याची टाकी दिसली. मागे सूर्य जिथे होता तिथेच होता. त्याला वाटलं, विचारात आपण उलटे फिरलो. तो पुन्हा निघाला. पुन्हा शेंडी, पुन्हा घाट, पुन्हा कांद्याच्या गाड्या, आणि पुन्हा तीच टाकी, टाकीखाली कंपनीचं फाटक. पेट्रोल संपत आलं तेव्हा त्याने गाडी आत लावली आणि आईला फोन केला. म्हणाला, काम आहे, आज इथेच थांबतो.

"थांब की," आई म्हणाली. "पर्मनंट मानसाला कामं असनारच."

दुसऱ्या दिवशी त्याने दुपारीच घोडेगावकडे निघालेल्या एका टेम्पोला हात केला. ड्रायव्हर गप्पिष्ट होता, कांद्याच्या भावावर बोलत होता. हर्षलचा जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा टेम्पो कंपनीच्या फाटकासमोर उभा होता.

"इथं का थांबलात?" हर्षलने विचारलं.

"तुमीच म्हनले ना, नागापूर," ड्रायव्हर म्हणाला. त्याने हर्षलकडे जरा निरखून पाहिलं आणि भाडंही न घेता टेम्पो काढला.

मग त्याने चालून पाहिलं. अहिल्यानगरच्या दिशेने पाहिलं, उलट दिशेने पाहिलं, शेतातून बांधाबांधाने पाहिलं. प्रत्येक वाट शेवटी त्या फाटकाशी येऊन थांबायची. आणि फाटकाच्या आत मात्र त्याला एकही दार अडवत नव्हतं. कपाट लावावं तर ते उघडायचं. टेबलाचा खण ढकलावा तर तो पुढे यायचा. फ्रीजचं दार तर त्याच्या पाठीमागे इतकं अलगद उघडायचं की आधी थंडी जाणवायची आणि मग लक्षात यायचं. आत त्या नळ्या रांगेत उभ्या असायच्या, त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या लावून.

बनूबाई सकाळी झाडायला यायच्या तेव्हा तो खुर्चीत बसलेला असायचा. "लई लवकर येता वो साहेब," त्या म्हणायच्या. नंतर त्यांनी तसं म्हणणं बंद केलं. त्याच्या टेबलाभोवतीचं झाडताना त्या पदर तोंडाला लावायच्या आणि झटपट पुढे सरकायच्या. बाकीच्यांना मात्र काही जाणवलं नाही. उलट हर्षलचं नाव झालं. पुण्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, याच्याकडून शिका, हा माणूस घरीच जात नाही. टाळ्या वाजल्या. हर्षलने हात जोडले.

वहीचंही तसंच झालं होतं. त्याने स्वतःच्या नावाने कुठलंही पान उघडलं तरी समोर धनश्रीचं ते पान यायचं आणि त्यावर ती चौकट. बदलाचे कारण लिहा. त्याने लिहिलं, 'लिहिताना चूक.' चौकट मिटली आणि पुन्हा उघडली. त्याने लिहिलं, 'घाई.' पुन्हा उघडली. 'आईसाठी,' असंही लिहून पाहिलं. त्या वेळी ती जरा रेंगाळल्यासारखी वाटली, आणि मग उघडलीच. शेजारच्याला बोलावून दाखवलं तर त्याला हर्षलचंच साधं पान दिसायचं. पानाच्या तळापर्यंत जायचं धाडस मात्र हर्षलने केलं नाही. तिथे काहीतरी आहे असं त्याला वाटायचं. का वाटायचं, कुणास ठाऊक. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात.

शनिवारी लिहू, असं तो मनाशी म्हणायचा. सवयच ती. शनिवार यायचा, सगळे चहा प्यायचे, आणि तो ठरवायचा की पुढच्या शनिवारी.

एका दुपारी आईचा फोन आला. "येतू येतू म्हनतूस आन् येत न्हाईस," ती म्हणाली. "म्हनून म्या आज नागापूरला आले हुते. फाटकापाशी हुबी हुते लई येळ. तू समोरनं गेलास माज्या. म्या हाका मारल्या. वळून बगितलं न्हाईस." तिचा आवाज बारीक झाला. "लाज वाटती का रं आता आईची?"

हर्षलने आई पाहिलीच नव्हती. त्या दिवशी फाटकातून तो एकदाही बाहेर पडला नव्हता. फोन कानाला तसाच धरून तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसायच्या आत त्याने धनश्रीला फोन लावला. थांबलो तर पुन्हा शनिवार आठवेल, हे त्याला आता कळून चुकलं होतं.

"मीच नेलं," तो म्हणाला. "मला इथून जाता येत नाहीये, धनश्री."

"येते उद्या," ती म्हणाली. "सरांना सांगून ठेव. तूच सांग."

ती सकाळच्या एसटीने आली. फैयाज सर तिच्यासमोर मान वर करेनात. हर्षलने त्यांना सगळं सांगितलं होतं. फिरत राहिलेल्या रस्त्यांबद्दलही, आणि ते ऐकताना सरांनी हसून सोडून दिलं नाही. त्यांनी धनश्रीचं बंद केलेलं खातं पुन्हा उघडलं. म्हणाले, "हर्षल खुलासा लिहील. तू साक्षीदार म्हणून 'पाहिले' दाब. मग मी पुण्याला कळवतो."

"मी कुठे पाहिलं सर?" धनश्री म्हणाली. "मी गोदामात होते."

"अगं, आता तो कबूल करतोय ना."

"ऐकलं मी. पाहिलं नाही." तिने हर्षलकडे बघितलं. "करून दाखव. जसं नेलंस तसंच परत ठेवून. पहिल्यापासून."

प्रयोगशाळेतले सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. हर्षल नळापाशी गेला. हात धुतले. वळला. धनश्रीच्या खुर्चीवर बसला. जी ओळ चोरून बदलली होती ती सगळ्यांच्या नजरेसमोर परत बदलताना 'बुरशी' हा शब्द त्याला तीनदा लिहावा लागला. फ्रीज उघडून त्याने एकेका नळीवरची आपली चिठ्ठी सोलली. काही चिठ्ठ्या निघेनात, त्या नखांनी खरवडल्या. कपाटातली बशी आणून धनश्रीच्या हातात दिली. लाजेने माणूस मरत असता तर तो त्या कपाटापाशीच मेला असता. मेला नाही. परत येऊन बसला.

चौकट उघडली होती. बदलाचे कारण लिहा.

त्याने लिहिलं, 'हे काम धनश्रीचे आहे. मी तिची वही उघडी पाहून चोरले. आधी लिहिलेले कारण खोटे होते. हर्षल.'

चौकट मिटली आणि मिटलेलीच राहिली. मागे फ्रीजचं दार बंद झाल्याचा आवाज आला. बनूबाईंनी हात जोडले.

"आता पाहिलं," धनश्री म्हणाली आणि बटण दाबायला पानाच्या तळाशी गेली. तिथे तिचा हात थांबला. सर पुढे वाकले.

साक्षीदाराच्या जागी आधीच एक 'पाहिले' होतं. नावाची जागा कोरी होती. वेळ पडली होती ती आजची नव्हती. त्या दुपारची होती, सगळे जेवायला गेले होते तेव्हाची.

"सॉफ्टवेअरचा काहीतरी घोटाळा आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच पटलेला दिसला नाही. धनश्रीने त्या कोऱ्या नावाखाली आपलं 'पाहिले' दाबलं, खुर्ची सरकवली आणि हर्षलला म्हणाली, "जा आता. आई वाट बघत असेल." जाताना त्याने वळून बघितलं. तिने वही उघडीच ठेवली होती.

नोकरी गेली, ते सांगायला नकोच. पण शेंडी गेलं, घाट गेला, घोडेगाव गेलं, आणि पुढच्या वळणावर टाकी दिसली नाही. वडाळा दिसलं. हर्षलने गाडी थांबवून तिथल्या मैलाच्या दगडाला हात लावून पाहिला आणि मग पुढे निघाला.

आई दारातच बसली होती. अंधारून आलं होतं. तिने पोराचा चेहरा पाहिला आणि रागवायचं विसरून त्याला आत घेतलं, पाणी दिलं. हर्षलने दार लावलं, आतून कडी घातली, ती नीट बसली की नाही ते ओढून पाहिलं. मग आईसमोर बसून त्याने एकही गोष्ट न गाळता सगळं सांगितलं. पर्मनंटचंही सांगितलं.

आई पुष्कळ वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी पुढे सरकून, शेजारी ऐकतील म्हणून अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "पर तवा, तू लिवत हुतास तवा, कुनी बगितलं हुतं का तुला?"

हर्षलच्या मानेवर वारं लागलं. वळून बघायची त्याला गरज नव्हती, कारण त्याच्या खांद्यावरून पलीकडे आईची नजर दाराकडे गेली होती आणि तिथेच खिळली होती.

"व्हय, आई," तो म्हणाला. "बगितलं हुतं."